एका फाइलीत मावलेला आवाज

आत्यांना लग्नाचं बोलावणं करताना आमच्या गावात कुणी त्यांच्या खुर्चीची काळजी करत नसे. त्या आपली खुर्ची घेऊन येत. घडीची, निळ्या पट्ट्यांची, स्कूटरला मागं दोरीनं बांधलेली. शिवाय पिशवीत स्टीलचा पेला, पाण्याची बाटली, चमचा, विजेरी, सुईदोरा आणि कागदाच्या पुडीत घरच्या अक्षता. मांडवाच्या कडेला खुर्ची उघडायची, मंगलाष्टकं नीट ऐकायची, आपल्या अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि खुर्ची मिटून स्कूटरला किक मारायची. एकदा ऐन मुहूर्ताला लाइट गेली आणि भटजींना पोथीतलं दिसेना. आत्या उठल्या, विजेरी पोथीवर धरून लग्न लागेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. नवरीच्या बापानं हात जोडले, तर म्हणाल्या, "माझं काय नाय, विजेरीचं हाय."

आमचं गाव चौक. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचं, त्यामुळं गावापेक्षा रस्ताच मोठा. ढाबे, गॅरेजं, टायरवाले. त्या ओळीत एक ढाबा आणि एक पंक्चरवाला यांच्या मधे आत्यांचा गाळा होता. पाटीवर लिहिलेलं, 'कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रोग्रॅम'. आत्या म्हणजे गावची लेक. लग्न केलं नाही, माहेरीच राहिल्या, म्हणून लहानथोर सगळ्यांच्या आत्या. अंगानं उंच, हडकुळ्या. शेतात बाया घालतात तसा साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात पेन ड्राइव्ह, आणि करड्या अंबाड्यात खोचलेला बारीक स्क्रूड्रायव्हर. वय साठीच्या अलीकडंपलीकडं.

मी या गावची सून. कर्जतच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली, लगेच लग्न झालं आणि ती पदवी कपाटात राहिली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते. आत्यांना मदतनीस पाहिजे असं कळलं. सासूबाईंना ते फारसं रुचलं नाही. "हुशार हाय, पण ताठा लय," त्या म्हणाल्या. "कुणाच्या घरचं पाणी पीत नाय ती बाई. आपण काय इख घालतो का पाण्यात?"

पहिल्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन गेले आणि वाकून पाया पडायला लागले. आत्यांनी पाय मागं घेतले.

"दुकानात मी तुझी आतेसासू नाय. मशीन उघडता येतं का तुला?"

"येतं."

"मग ते उघड. पदर मधे येईल, खोच."

ही माझी मुलाखत. पुढं चार वर्षं मी तिथं होते.

दुकानात एका कोपऱ्यात पांढऱ्या पंच्यानं झाकलेला एक कॉम्प्युटर होता. त्याचं नाव गरीब. त्यात नुसती ऑपरेटिंग सिस्टिम, बाकी काही नाही. इंटरनेट नाही, प्रिंटर नाही, वरून टाकलेली एकही फाइल नाही. आत्यांनी लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम आधी गरिबावर चालवून बघायचा. "गरिबाकडं चालला की कुठंही चालंल," त्या म्हणायच्या. एखाद्या गिऱ्हाइकानं चुकून गरिबाला हात लावला, तर आत्या ओरडायच्या, "त्याला काय देऊ नका! त्याला काय देऊ नका!" नवीन माणूस घाबरून हात खिशात घालायचा.

यामागं त्यांचं एक मोठं तत्त्व होतं. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळंच स्वतः लिहीत नाही. अक्षरं दाखवणं, कागदावर छापणं, आवाज काढणं, अशी कामं करणाऱ्या तयार फाइली सिस्टिमबरोबर येतात. त्यांना लायब्ररी म्हणतात आणि बहुतेक प्रोग्रॅम त्या उसन्या वापरतात. त्यात गैर काही नाही. पण सिस्टिम बदलली, एखादी फाइल हलली, की प्रोग्रॅम आडवा होतो आणि पडद्यावर 'अमुक फाइल सापडली नाही' असा निरोप येतो. त्या निरोपाचा आत्यांना मनस्वी राग. वजनकाट्याचा मालक एकदा असाच बंद पडलेला प्रोग्रॅम घेऊन आला. नवीन कॉम्प्युटर घेतला होता आणि जुना प्रोग्रॅम त्यावर उठेना.

"पावणा हाय तुमचा प्रोग्रॅम," आत्या त्याला म्हणाल्या. "रिकाम्या हातानं आलेला पावणा. आंघोळीला पाणी तुमचं, पुसायला पंचा तुमचा, नेसायला लुंगी पण तुमचीच. आता तुमी घर बदललंत. तो दारात उघडा उभा हाय."

"मग काय करायचं, आत्या?"

"त्याला आपलं सामान घेऊन यायला शिकवायचं."

आत्यांचा प्रोग्रॅम म्हणजे एकच फाइल. लागणारं सगळं त्या फाइलीच्या पोटात. उचला, टाका, चालवा. कुणी म्हणालं, की एवढ्याशा कामाला एवढी मोठी फाइल कशाला, की त्या म्हणायच्या, "बोजा झाला तर चालंल. हात पसरलेला चालणार नाय."

हे असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नवी मुंबईत एका कंपनीत त्या वीस वर्षं प्रोग्रॅम लिहीत होत्या. एके दिवशी कुणीतरी एक सामायिक लायब्ररी बदलली आणि आत्यांचा प्रोग्रॅम सगळीकडं एकदम बंद पडला. "माझ्या प्रोग्रॅमातला काना हलला नव्हता गं, मात्रा हलली नव्हती. पण मोठ्या खोलीत सगळ्यांसमोर उभं केलं मला. नि ज्याच्यामुळं पडलं, त्याचं नाव पण मला ठाऊक नव्हतं." एवढं बोलून त्यांनी अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि समोरच्या मशीनचे स्क्रू उलगडायला लागल्या. नोकरी सोडून त्या गावी आल्या, ते आपलं सगळं सामान घेऊनच आल्या म्हणायचं.

माथेरानच्या पायथ्याशी, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, एक वाडी आहे. तिथले अण्णा एका सकाळी बायकोला घेऊन दुकानात आले. अण्णा तीस वर्षं माथेरानला घोडा चालवत होते. रोज पायवाटेनं डोंगर चढायचा, वर ठेवलेल्या चिंगी नावाच्या घोडीवर पाहुण्यांना बसवायचं, लगाम धरून पॉइंट दाखवत फिरायचं. बोलणं हाच त्यांचा अर्धा धंदा. गावात ते बोलायला लागले की पंक्चर काढणारा हात थांबायचा. त्या दिवशी मात्र ते बाकावर बसले आणि वैनीच बोलल्या.

घशात गाठ होती. मुंबईच्या इस्पितळात अकरा दिवसांनी ऑपरेशन ठरलेलं. आवाजाची पेटीच काढणार. पुढं मोबाइलमधनं बोलायचं असतं म्हणून कुणीतरी त्यांच्या फोनमध्ये एक अॅप टाकून दिलं होतं. वैनींनी ते चालवून दाखवलं. फोनमधून एक बाई अगदी स्वच्छ बोलली, "मला भूक लागली आहे. कृपया जेवण द्या."

"ऐकलंत?" वैनी म्हणाल्या. "आमच्यात कृपया कोण म्हणतं? नि ह्या बाईला मी का म्हणून जेवाय वाढू?"

अण्णा हसले. हसता हसता खोकला आला. घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "आत्या, वाडीत रेंज नाय. रेंज नसली की ही बाई पण मुकी होते. म्हंजे आमी दोघं मुकं."

आत्यांनी फोन हातात घेतला, उलटासुलटा केला. ती बाई फोनच्या सिस्टिमची होती. उद्या फोन बदलला की बाई बदलणार. त्यांनी फोन परत दिला आणि उठून शटर अर्धं खाली ओढलं.

"अकरा दिवस हायेत ना? बोला. जेवढं बोलायचं तेवढं इथं बोलून ठेवा. तुमचाच आवाज तुमाला देते."

"ह्यो?" अण्णांनी गळ्याला हात लावला. "ह्यो काय माझा आवाज नाय. माझा लय चांगला होता."

"जो हाय तो घेऊ," आत्या म्हणाल्या.

मागच्या खोलीत आत्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या, हायवेचा आवाज अडवायला. तरी ट्रक गेला की थांबावं लागे. ट्रक, मग वाक्य, मग ट्रक. रोज सकाळी अण्णा वाडीवरून उतरून यायचे आणि दम टिकेल तितकं बोलायचे. आत्यांनी पहिल्या दिवशी यादी केली होती. पाणी पाहिजे, दुखतंय, चक्कर येतेय, डॉक्टरांना बोलवा. अण्णांनी ती ऐकली आणि विचारलं, "एवढंच बोलायचं म्हंजे जल्मभर मी आजारीच राहणार का?"

आत्यांनी यादी फाडली आणि अण्णांना विचारलं, "तुमी दिवसभर काय बोलता?"

तिथून खरं काम सुरू झालं. काय काय निघालं! 'आलो गं.' 'कोण हाय रं तिकडं?' 'भात करपला.' 'भात नाय करपला, बरा झालाय.' 'आमाला नका सांगू.' 'बघू.' नुसतं 'बघू' चार तऱ्हेचं. चिंगीला द्यायच्या हाका. पाहुण्यांना सांगायची सगळी माहिती, ओळीनं, एका दमात म्हणायची सवय असलेली, तुकडे पाडताना अण्णांचीच गडबड व्हायची. मग आत्या म्हणाल्या, "आता शिव्या."

"शिव्या?" मी म्हटलं.

"मग काय तीस वर्षं घोडा मंत्र म्हणून चालवला ह्यांनी?"

वैनी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. आवाजाचे तुकडे कापून त्यांना नावं द्यायचं काम माझ्याकडं होतं. मी खाली मान घालून लिहिलं, शिवी एक, शिवी दोन, असं शिवी नऊपर्यंत.

शेवटच्या दिवशी अण्णा म्हणाले, मशीन चालू ठेवा आणि सगळी बाहेर जा. आम्ही बाहेर बाकावर बसलो. वैनी म्हणाल्या, काय बोलत असतील कोण जाणे. दुपारी मी तो तुकडा ऐकला. त्यात फक्त वैनींचं नाव होतं. अण्णा त्यांना एरवी 'अगं ए' म्हणायचे, नावानं हाक मारलेली गावात कुणी ऐकली नव्हती. तिथं ते नाव अकरा वेळा होतं. अंगणातून मारल्यासारखं, चुलीपाशी बसून म्हटल्यासारखं, रागानं, लांबून, अगदी हळू. मी कानावरचे हेडफोन काढून आत्यांना दिले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्याला हात लावू नको. जसं हाय तसं ठेव."

सातशेच्या वर वाक्यं झाली. कॉम्प्युटरचीच सिस्टिम असलेला एक जुना, हातात धरायचा टॅब आत्यांकडं होता, त्यात जागा बेताची. फाइल मावेना. मीच सुचवलं, की आवाज दाबून लहान करू. असा दाबलेला आवाज पुन्हा उलगडून वाजवणारी लायब्ररी सिस्टिममध्ये असतेच, ती वापरू.

"असतेच?" आत्यांनी विचारलं.

"असतेच, आत्या. सगळ्या मशीनवर असते."

एरवी त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. पण दहा दिवस त्या नीट जेवल्याही नव्हत्या. मान डोलावली. प्रोग्रॅम गरिबावर चालवला. चालला. अण्णा इस्पितळात गेले तेव्हा टॅब वैनींच्या पिशवीत होता आणि त्याच प्रोग्रॅमचा पेन ड्राइव्ह अण्णांच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. "टॅब फुटला तर कुठल्याही कॉम्प्युटरला हा लावा," आत्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. "कुठल्याही."

ऑपरेशन झालं. अण्णा गळ्यावर पांढरं फडकं बांधून घरी आले आणि त्यांनी टॅबवर पहिलं बटण दाबलं ते 'पाणी दे गं'. वैनी पाणी आणायचं विसरून तिथंच खाली बसल्या. दोन महिने सगळं सुरळीत होतं. अण्णा बाजारात यायचे, टॅब पट्ट्यानं गळ्यात अडकवलेला, आणि लोकांना 'आमाला नका सांगू' ऐकवायचे.

मग एका दुपारी वैनी एकट्याच आल्या. तो पेन ड्राइव्ह त्यांनी आत्यांच्या टेबलावर ठेवला.

तपासणीला जाताना टॅब हातातून पडला होता, काच फुटली. घाबरायचं कारण नव्हतं, पेन ड्राइव्ह होता. तिथली सिस्टर भली बाई, तिनं वॉर्डातल्या कॉम्प्युटरला तो लावू दिला. पडद्यावर सगळी बटणं आली. अण्णांनी बटण दाबलं. आवाज नाही. फाइल सापडली नाही म्हणून निरोप. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. डॉक्टर विचारत होते, गिळताना कुठं दुखतं, कधीपासून. अण्णांना लिहायला वेळ लागतो, मागं रांग उभी. वैनींनी आपल्या मतानं उत्तरं दिली, ती अर्धी चुकीची. अण्णा हातानं नाय, नाय करत राहिले.

"घरी आल्यापास्नं त्यांनी ते सगळं पत्र्याच्या पेटीत टाकलंय," वैनी म्हणाल्या. "मी हे गपचूप आणलं. वर चिंगीकडं पण जात नाय. भाच्यालाच सांगितलंय तिचं बघायला. कायच बोलत नाय. म्हंजे... तुमाला कळलं मी काय म्हणते."

आत्यांनी पेन ड्राइव्ह गरिबाला लावला. अण्णांचा आवाज खणखणीत वाजला. मी धावत घरी जाऊन माझ्या नवऱ्याचा नवा लॅपटॉप आणला. त्याला लावला. बटणं आली आणि पाठोपाठ तो निरोप. आवाज उलगडणारी ती लायब्ररी त्यात मुळातच नव्हती. काही मशीनवर ती असते, काहींवर नसते. मला हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसताना मी 'असतेच' म्हटलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर आत्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला.

"वैनी, चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "मी नीट तपासलं नाय. अण्णांना सांगा, आत्या चुकली."

वैनी गेल्यावर मी रडायला लागले. आत्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तू बोललीस ते मी ऐकलं नि मान डोलावली. डोलावली ती मान माझी होती." थोड्या वेळानं गरिबावर पंचा टाकता टाकता म्हणाल्या, "ह्याच्याकडं ती लायब्ररी होती. हा पण पैसेवालाच निघाला."

पुढचे तीन आठवडे त्या आवाज उलगडण्याचा भाग स्वतःच्या प्रोग्रॅमात आणत होत्या. मी शेजारी बसून त्यांचं लिहिलेलं तपासत होते. एकदा मधेच थांबून त्या खुर्चीत मागं टेकल्या. "सगळं बरोबर घेतलं, तरी शेवटी स्पीकरमधनं आवाज सोड म्हणून सिस्टिमलाच सांगाय लागतं गं. स्पीकर तिच्या ताब्यात. अगदी एकट्यानं चालणारा प्रोग्रॅम नसतोच. आणि मी इतकी वर्षं लोकांना काय सांगत आले?" उत्तराची वाट न बघता त्या परत पडद्याकडं वळल्या.

प्रोग्रॅम झाला. आता तपासायचा कशावर? गरीब पुरणार नव्हता. तऱ्हेतऱ्हेची मशीनं पाहिजे होती, जुनी, नवी, बिघडलेली, आणि ती लोकांकडं होती. आत्या दुकानाच्या उंबऱ्यात किती तरी वेळ उभ्या होत्या. ही बाई शेजारच्या गॅरेजकडून कधी पाना मागून आणणारी नव्हे. शेवटी त्या ढाब्यावर गेल्या. मी मागं. मालक गल्ल्यावर होता, त्याला वाटलं धुराची तक्रार घेऊन आल्या.

"जरा," आत्या म्हणाल्या आणि थांबल्या. "तुमचा तो कॉम्प्युटर. पाच मिनिटं. दिला तर."

ढाबेवाल्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. मग खांद्यावरच्या फडक्यानं स्वतःची खुर्ची पुसली आणि त्यांना बसायला दिली. पोऱ्याला न सांगता स्वतः पाण्याचा ग्लास आणून ठेवला. आत्यांनी ग्लासाकडं पाहिलं, आणि उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं. मग पेन ड्राइव्ह लावला. अण्णांचा आवाज ढाबाभर घुमला, "भात करपला."

आतून आचारी पळत आला. "कोण म्हणलं?"

चार दिवस आम्ही गावभर हिंडलो. झेरॉक्सवाला, शाळा, ग्रामपंचायत, मेडिकलवाला, ज्याच्याकडं मशीन असेल तो. आत्या दर वेळी तितक्याच अडखळत विचारायच्या. चौदाव्या घरीसुद्धा त्यांना ते सोपं झालं नव्हतं. टायरवाल्याकडं माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं आणि शिवी तीन अशी काही वाजली, की जॅकवर चढवलेल्या ट्रकखाली पडलेला ड्रायव्हर बाहेर येऊन मुठी वळून उभा राहिला. टायरवाला हसून हसून खाली बसला. "अरं, हे तर आमचं अण्णा! कुठं हायेत ते? दिसलं नायत." जिथं जाऊ तिथं लोक तो आवाज ओळखायचे आणि अण्णांची चौकशी करायचे. एका घरी मशीनवर प्रोग्रॅम अडकला, तो आत्यांनी तिथंच बसून दुरुस्त केला, त्या घरचा चहा पीत. माझ्या सासूबाई त्या घरात बसायला गेल्या होत्या. रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "आज आत्या दोन कप चहा प्याली." वैनींनी मागाहून गुपचूप पाठवलेल्या टॅबची काच मोबाइलवाल्यानं बसवून दिली. "ह्याचं मी करतो, आत्या, तुमी बसा," म्हणाला, आणि आत्या खरोखर बसल्या.

सतरा मशीनवर अण्णा बोलले. पाचव्या दिवशी की सहाव्या, मला आठवत नाही, पण आम्ही वाडीवर गेलो. आत्यांचा गुडघा दुखत होता, तरी चढल्या. अण्णा अंगणात कुंपणासाठी काठ्या तासत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी पाठ फिरवली आणि तासत राहिले. आत्यांनी टॅब त्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवला. तो त्यांनी बघितलाही नाही.

मग मीच पुढं झाले. "अण्णा, चूक आत्यांची नव्हती. मी म्हटलं होतं सगळीकडं चालेल म्हणून. मला माहीत नव्हतं तरी म्हटलं. आत्यांनी ते स्वतःवर घेतलं."

कोयता थांबला. अण्णांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग टॅब उचलला, मांडीवर घेतला, यादीत खाली खाली गेले, शोधून शोधून एक बटण दाबलं. शिवी तीन.

"अहो!" वैनी आतून ओरडल्या. "परक्या सुनेला शिव्या काय देता!"

अण्णांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण ते हसत होते. आत्याही हसल्या. मी तर हसत होते की रडत होते, मलाच कळेना. मग अण्णांनी एकेक बटण दाबायला सुरुवात केली. 'बघू' चारही तऱ्हेचं. 'कोण हाय रं तिकडं?' 'आलो गं.' खूप दिवसांनी कुलूप काढून माणूस घरातली एकेक खोली बघतो, तसे ते बघत होते. सगळ्यात शेवटी त्यांनी नाव दाबलं. अंगणातून मारलेली हाक.

"आले, आले," वैनी आतून म्हणाल्या. सवयीनं. आणि दारात येऊन थबकल्या.

पुढच्या आठवड्यात अण्णा वर गेले. चिंगीला टॅबमधला आवाज अजिबात मानवला नाही म्हणे. कान मागं पाडून ती चार पावलं सरकली. तिच्याशी ते आता हातानं आणि जिभेच्या टकटकीनं बोलतात. पाहुण्यांना मात्र टॅब आवडतो, पोरं तीच तीच माहिती परत ऐकवायला लावतात. अण्णांना आपलं दुखणं डॉक्टरांना नीट सांगता आलं, औषध बदललं, गिळायला त्रास कमी झाला.

मी आता शेलूला राहते. नवऱ्यानं तिथं फ्लॅट घेतला, मला ठाण्याला एका कंपनीत नोकरी लागली. तिथं मी 'सगळ्या मशीनवर असतं' हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं की बसल्या जागी ताठ होते, आणि विचारते, "बघितलंत का?" लोकांना मी खवट वाटते. आत्यांशी फोनवर बोलणं होतं. दुकान अजून चालू आहे, गुडघ्याचं ऑपरेशन मात्र त्या पुढं ढकलतायत.

पण त्यांची आठवण आली की मला वाडीवरून निघालो तेव्हाची वेळ आठवते. ऊन कलायला लागलं होतं. पायवाट उतरती, दगडगोट्यांची. आत्या पुढं, मी मागं. त्यांना सावकाश चालणं ठाऊकच नव्हतं, दुखऱ्या गुडघ्यानंही त्या तरातरा निघाल्या. वीस-पंचवीस पावलं गेलो असू, तोच वरून आवाज आला. अण्णा कुंपणाशी उभे होते. टॅब दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेला, पडदा आमच्याकडं.

"मॅडम, सावकाश उतरा. दगड सुटा हाय. आपल्याला कसली घाई नाय."

तीस वर्षं परक्या पाहुण्यांना म्हटलेलं वाक्य. आत्यांना त्यांनी आयुष्यात कधी मॅडम म्हटलं नव्हतं. पण आत्यांसाठी, आभारासाठी, असं काही बोलून ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. जे होतं त्यातून त्यांनी हे निवडलं.

आत्या थांबल्या. लगेच वळल्या नाहीत. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, मग वळून दोन्ही हात तोंडाशी धरले.

"उतरते रं, अण्णा! सावकाश उतरते!"

आणि खरंच, एकेक पाऊल जपून टाकत, दगड पारखत, त्या बाई खालपर्यंत सावकाश उतरल्या.